कोचला जाऊ दिलं नाही

आमच्या शेजारच्या कोचशी त्याच्या संघाने जे केलं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. गोष्ट 2020 च्या आधीची. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये 32 संघ आहेत, त्यातला कुठलाही धरा.

कोच म्हणजे टीव्हीवर हेडसेट लावून ओरडताना दिसतो तो मुख्य प्रशिक्षक नव्हे. हा त्याच्या हाताखालच्या माणसांपैकी एक, ऑफेन्सिव्ह लाइनचा. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला जे पाच धिप्पाड गडी पुढे उभे असतात, त्यांना घडवणारा. मधला सेंटर सोडला तर त्यांचा बॉलला सहसा हातही लागत नाही, आणि नाव घेतलं जातं ते चुकल्यावर. एकदा आमच्या ड्राइव्ह-वेवर तो माझ्या मुलाला पहिलं पाऊल शिकवत होता. बुटापासून वीतभरही नसेल एवढ्या अंतरावर खडूने रेघ मारली आणि म्हणाला, "पाय याच्या पुढे गेला की संपलास." मग कितीतरी वेळ तेवढंच. एक पाऊल, मागे, पुन्हा एक पाऊल. मुलगा कंटाळला, कोच नाही.

त्याचा इथवरचा रस्ता नेहमीचाच. आधी खेळाडू, मग कॉलेजच्या संघात जवळजवळ फुकट राबणं, मग एनएफएलमध्ये क्वालिटी कंट्रोल. पद भारदस्त, काम हमालीचं: रात्र-रात्र व्हिडिओ कापायचे, प्रत्येक खेळीत कोण कुठे उभा होता ते नोंदवायचं, प्रतिस्पर्ध्याच्या खेळींची चित्रं काढून सरावाला द्यायची. पुढे नामांकित मुख्य प्रशिक्षक झालेल्या बिल बेलिचिकने 1975 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे आठवड्याला 25 डॉलरवर सुरुवात केली होती, हे कोच फार कौतुकाने सांगायचा. बायको लगेच विचारायची, "आणि त्या वेळचे बाकीचे कुठे आहेत?"

तर एका जानेवारीत दुसऱ्या एका संघाने त्याला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या मुलाखतीसाठी मागितलं. म्हणजे पाच जणांऐवजी संघाचं सगळं आक्रमण त्याच्या हाती येणार. मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर बहुतेकांना याच पायरीवरून जावं लागतं. पण त्याचा करार संपायला वेळ होता, आणि करारातल्या सहाय्यकाला मुलाखतीला सोडायचं की नाही हे तेव्हा संघाच्या मर्जीवर होतं. संघाने नाही म्हटलं. नोकरी सोडू नको असं नव्हे, बोलायलाही जाऊ नको! कारण काय, तर तू आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहेस. बरं, महत्त्वाचा आहे तर पगार वाढवा, पद द्या. तेही नाही. बायकोने त्या गावातल्या शाळा बघून ठेवल्या होत्या.

पुढच्याच हंगामात संघ हरत गेला. शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी मुख्य प्रशिक्षकांच्या नोकऱ्या जातात, त्याला इथे ब्लॅक मंडे म्हणतात. आमच्याकडेही गेली. नवा माणूस आपली माणसं घेऊन आला आणि हा 'फार महत्त्वाचा' गडी खोकी पिकअपमध्ये टाकून घरी. त्याच्या लाइनचं काम त्या वर्षी चांगलं झालं होतं, हे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आणि ज्या साहेबाने वर्षापूर्वी नकार कळवला होता, तो जागेवरच! मला चीड आहे ती याची.

माझे वडील महसूल खात्यात होते. बदलीच्या नोकरीत आम्ही तीन तालुके फिरलो, पण निदान पुढचं गाव हुकमात लिहिलेलं असायचं. कोचला तेही नव्हतं. जागा शोधायला तो जानेवारीच्या शेवटी अलाबामातल्या मोबिल गावी गेला. तिथे कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंचा सीनियर बोल होतो. सगळे संघ खेळाडू पारखायला येतात, आणि नोकरी गेलेले कोच हॉटेलच्या लॉबीत ओळखीचा चेहरा शोधत उभे असतात.

आता दुसरी बाजूही सांगतो. कराराच्या उरलेल्या काळाचे पैसे त्याला मिळणार होते, आणि ते माझ्या पगाराच्या कितीतरी पट होते. मुख्य प्रशिक्षकाला हाकललं तेव्हा तर मला आनंदच झाला होता. नव्या माणसाला आपली माणसं निवडू द्यावीत, हे मी स्वतः ऑफिसात तावातावाने मांडतो. मग कोचच्या वेळी का चिडतो? तो शेजारी होता म्हणूनही असेल. पण काढायचा हक्क तुमचा आणि जायचा हक्कही तुमच्याच खिशात, हे मला कधीच पटणार नाही.

त्या वर्षी कोचला एका कॉलेजात जागा मिळाली, पगार कमी. मुलांची शाळा संपेपर्यंत बायको इथेच राहिली.

मे 2020 मध्ये एनएफएलने नियम बदलला. कोऑर्डिनेटरच्या खऱ्याखुऱ्या जागेसाठी बोलावणं आलं तर संघाला आता सहाय्यकाला अडवता येत नाही. बरोबरीच्या जागेसाठी आलं, तर करार चालू असेपर्यंत अजूनही अडवता येतं.