प्लिमथची वाटणी

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण आला की अमेरिकेत एक गोष्ट हमखास पुन्हा सांगितली जाते. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेल्या इंग्रजांनी प्लिमथला सगळे सामाईक ठेवून पाहिले. त्यांची उपासमार झाली. मग गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने जमीन ज्याची त्याला वाटून दिली आणि कोठारे भरली. जमीनधारणेचा इतिहास हा माझा विषय, त्यामुळे ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या तोंडूनही मी वारंवार ऐकतो. तिच्यात तथ्य आहे. पण सामाईक काय होते, ते कोणी ठरवले आणि वाटले नेमके काय, यांतले काहीच तिच्यात येत नाही.

सुरुवात करारापासून करायला हवी. धर्माच्या जाचामुळे इंग्लंड सोडून हॉलंडमधल्या लायडनला स्थायिक झालेल्या या मंडळींकडे समुद्र ओलांडण्याइतका पैसा नव्हता. थॉमस वेस्टन या व्यापाऱ्याने लंडनचे सत्तरएक भांडवलदार जमवले. अट अशी की सोळा वर्षांपुढच्या प्रत्येक वसाहतकऱ्याचा १० पौंडांचा एक हिस्सा धरायचा. सात वर्षे मासे, कातडी, धान्य जे काही हाती लागेल ते एकाच खात्यात जमा करायचे आणि अन्नवस्त्रही त्याच खात्यातून घ्यायचे. मुदत संपली की नफा, घरे, जमिनी या सगळ्याची भांडवलदार आणि वसाहतकरी यांच्यात समान वाटणी.

वसाहतकऱ्यांना हे मान्य नव्हते. राहते घर आणि परसबाग वाटणीतून वगळा, आठवड्यातले दोन दिवस आम्हाला आमच्या कामासाठी द्या, असे ते म्हणत होते. लंडनमधला त्यांचा प्रतिनिधी रॉबर्ट कुशमन याने भांडवलदारांपुढे ही दोन्ही कलमे सोडून दिली. साउदॅम्प्टन बंदरात मंडळींनी सही करायला साफ नकार दिला, वेस्टन संतापून निघून गेला आणि बंदराचे देणे भागवण्यासाठी त्यांना बरोबरचे लोणी विकावे लागले. सह्या झाल्या त्या थेट १६२१ च्या अखेरीस, कुशमन स्वतः प्लिमथला आला तेव्हा. त्या भेटीत त्याने स्वार्थाच्या पापावर प्रवचनही दिले.

या कलमांवर मी एवढा रेंगाळतो, कारण प्लिमथचे सामाईक खाते कोणत्याही आदर्शातून निघालेले नव्हते. ते सावकाराचे तारण होते. आपले घर, आपली बाग आणि आपले दोन दिवस ही मागणी जहाज सुटण्याआधीपासूनच होती.

पहिल्या हिवाळ्यात १०२ प्रवाशांपैकी निम्मे दगावले. १६२१ च्या नोव्हेंबरात ‘फॉर्च्यून’ जहाजातून ३५ माणसे आली, पण त्यांच्याबरोबर शिधा नव्हता. त्याच जहाजातून लंडनला पाठवलेली बीव्हरची कातडी आणि लाकूड वाटेत फ्रेंचांनी लुटले. अशा टंचाईत समान शिध्याचा नियम माणसांना किती जाचला, हे ब्रॅडफर्डने आपल्या इतिहासात तपशिलाने लिहिले आहे. दुसऱ्याच्या बायकामुलांसाठी फुकट राबायचे, ही तरण्या पुरुषांची तक्रार होती. धडधाकट गड्याला दुबळ्याइतकाच शिधा मिळे. वडीलधाऱ्यांना पोरांच्या पंक्तीला बसवल्यासारखे वाटे. आणि परपुरुषांचे जेवण रांधणे, त्यांचे कपडे धुणे बायकांना गुलामगिरी वाटे, नवऱ्यांनाही ते खपत नसे. पहिली तक्रार जो तो उद्धृत करतो, शेवटची क्वचितच कोणी. मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोठार सामाईक केले की चूल आणि मोरीही सामाईक होते आणि तिथले श्रम कोणत्या खात्यात धरायचे, हे लंडनच्या करारात कुठेच नव्हते.

१६२३ च्या वसंतात निर्णय झाला. प्रत्येक कुटुंबाला माणसे मोजून जमिनीचा तुकडा मिळाला, एकट्या पोरांना कुठल्या ना कुठल्या कुटुंबाशी जोडले गेले आणि ज्याने त्याने आपापला मका पिकवायचा असे ठरले. आधी अशक्तपणाची सबब सांगणाऱ्या बायका लेकरांना घेऊन शेतात उतरल्या. ब्रॅडफर्डचा निर्वाळा स्पष्ट आहे: सामाईक पद्धतीने आळस आणि कुरबुर वाढली, नव्या पद्धतीने पीक वाढले. मालमत्ता सामाईक असावी म्हणणाऱ्या प्लेटोलाही त्याने चुकीचे ठरवले आहे. त्याची साक्ष मी मानतो.

पण जमिनीची मालकी कोणालाच मिळाली नव्हती. तुकडा त्या हंगामापुरता होता आणि वारसाहक्क नव्हता. आपल्या सातबाऱ्यावर मालक एक आणि पीकपाहणीत कसणारा दुसरा असू शकतो, तसा हा प्रकार. बदलला तो कणसावरचा हक्क, आणि तेवढ्यानेही माणसे कामाला लागली. वर्षभरातच पुढची अडचण उघड झाली. मेहनतीने सुधारलेली जमीन पुढच्या सोडतीत दुसऱ्याकडे जाणार असेल, तर खत घालायचे कशाला? म्हणून १६२४ साली लोकांनीच कायमच्या तुकड्याची मागणी केली. माणशी एक एकर मिळाला, तोही गावालगत, कारण वस्ती विखुरली तर संरक्षण अवघड झाले असते.

वाटलेली ही जमीन वाम्पानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या पटक्सेट गावची होती. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडले होते. तिथली शेते आधीच मोकळी केलेली होती आणि बियाण्याबरोबर मासा पुरून मका कसा घ्यायचा, हे इंग्रजांना त्याच गावातून वाचलेल्या टिस्क्वांटमने शिकवले. सामाईक की खाजगी, या वादात या गावाचे नाव निघत नाही, याची मला खंत वाटते.

वाटणीचा सर्वांत बोलका कागद १६२७ च्या मे महिन्यातला आहे, गुरांच्या वाटपाचा. तेरा-तेरा माणसांचे बारा गट, बायकामुलांसह एकूण १५६ नावे. गुरे त्यात एकेक करून ओळखीने नोंदली आहेत: ‘जेकब’ जहाजातून आलेल्या चार काळ्या कालवडींपैकी सर्वांत लहान एका गटाला, सोबत दोन शेळ्या. वसाहतीचा लष्करी प्रमुख कॅप्टन स्टँडिश याच्या गटाकडे आली लाल गाय, आणि ती वसाहतीतल्या गोरगरिबांची, अशी नोंद आहे. लंडनच्या जेम्स शर्लीने ती देणगी दिली होती. गुरे दिली तीही दहा वर्षांच्या बोलीने, अर्धलीवर. मूळ जनावर आणि निम्मी पैदास सामाईक, उरलेली निम्मी पैदास त्या गटाची. निष्काळजीपणाने जनावर गेले तर भरपाई द्यायची. एकाच गाईत सामाईक, खाजगी आणि धर्मादाय असे तीन हक्क नांदत होते.

त्यानंतर हिश्शामागे २० एकर जमीन मिळाली, पण गवताची कुरणे वाटली गेली नाहीत. कोणी कुठे गवत कापायचे, हे पुढेही बरीच वर्षे दरसाल ठरवून दिले जाई. हे २० एकर मिळण्याआधी लंडनच्या भांडवलदारांचा हक्क १८०० पौंडांना विकत घ्यावा लागला होता, दरसाल २०० पौंडांच्या हप्त्याने. ब्रॅडफर्ड, स्टँडिश, आयझॅक ॲलर्टन अशा आठ जणांनी ते कर्ज अंगावर घेतले. बदल्यात त्यांना सहा वर्षे कातडीच्या व्यापाराचा मक्ता मिळाला आणि प्रत्येक हिस्सेदाराकडून वर्षाला तीन बुशेल मका किंवा सहा पौंड तंबाखू. या कर्जाचे हिशेब आणि त्यावरची भांडणे १६४० च्या दशकापर्यंत चालली.