ल्यूमिएरांच्या गावचे थिएटर

फ्रान्सला जाऊन आलो म्हटले की भेटेल तो पॅरिसचे विचारतो. पॅरिस आम्हीही पाहिले. पण आज सांगणार आहे ती गोष्ट समुद्रकाठच्या एका लहान गावाची.

मार्सेयहून निघालेली आगगाडी अर्ध्या-पाऊण तासात ला सियोताला पोचली. स्टेशन लहानसे आणि गावापासून चांगलेच लांब. मी फलाटावरच रेंगाळलो, तशी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, बस चुकेल ना! इथे काय आहे पाहण्यासारखे?"

"हाच तो फलाट!" मी म्हटले.

ऑग्युस्त आणि लुई ल्यूमिएर या बंधूंचा कारखाना लियाँला. पण त्यांचे वडील अंत्वान यांनी ला सियोतात समुद्राकाठी मोठे घर बांधले होते. सुटीला कुटुंब इथे येई. याच स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचे त्यांनी जेमतेम पन्नास सेकंदांचे चित्र घेतले. फलाटावर दिसणाऱ्या गर्दीत काही माणसे तर त्यांच्या घरचीच! पडद्यावरची गाडी अंगावर येते आहे असे वाटून प्रेक्षक पळत सुटले, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही. पण ती खोटी ठरावी असे कुणाला वाटत नाही.

बसने गावात गेलो. बंदराजवळ, समुद्राकडे तोंड करून एक पिवळी इमारत उभी आहे. हेच एदेन थिएटर. १८८९ च्या जूनमध्ये ते उघडले ते नाटक-गाण्यांसाठी. १८९५ च्या सप्टेंबरात ल्यूमिएरांनी आपल्या घरी आप्तेष्टांना चित्रे दाखवली, डिसेंबरात पॅरिसला तिकीट लावून खेळ केला आणि १८९९ च्या मार्चमध्ये एदेनचा पडदा चित्रांनी उजळला. आज चालू असलेले जगातले सर्वांत जुने चित्रपटगृह म्हणून ते ओळखले जाते.

पण मधल्या काळात त्याचीही दशा झाली. प्रेक्षक आटले, भिंतींना ओल धरली आणि १९९५ साली दाराला कुलूप लागले. पुढच्या वर्षी सरकारने वास्तूला संरक्षण दिले. पण संरक्षणाच्या कागदाने छप्पर गळायचे थांबत नाही! गावातल्या हौशी मंडळींनी संस्था काढली आणि पाठपुरावा सोडला नाही. शेवटी दुरुस्ती होऊन ९ ऑक्टोबर २०१३ रोजी एदेन पुन्हा उघडले. अठरा वर्षे लागली.

आम्ही आत जाऊन बसलो. दीडशेच्या वर थोड्या खुर्च्या, आमच्या गावच्या शाळेच्या सभागृहाएवढेच थिएटर. दिवे मालवले आणि पडद्यावर गाडी आली. आम्ही सकाळी उतरलो त्याच फलाटावर!

मला मुंबई आठवली. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएरांच्या माणसाने आपल्या देशातला पहिला खेळ केला. तिकीट एक रुपया. त्यातही स्टेशनात येणारी आगगाडी होती, समुद्रस्नान होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी ही नवलाई पाहून विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. एदेनमध्ये पडदा लागला तेच हे वर्ष. वॉटसनची ती लोखंडी सांगाड्याची इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन झाली, मोडकळीला आली आणि २०१९ साली धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

दिवे लागले तरी सौभाग्यवती उठेना. तिच्या माहेरचे थिएटर पाडून तिथे दुकानांची इमारत झाली. पाडण्यापूर्वी गावातली दोन मुले आमच्याकडे सह्यांचा कागद घेऊन आली होती. "सह्यांनी काय होणार?" म्हणून मी त्यांना चहा पाजून परत पाठवले होते.

"आपण सही करायला हवी होती," ती हळूच म्हणाली.

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. बाहेर पडताना दारावरच्या बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. सौभाग्यवतीने मराठीत सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. या वेळी मी ती परत पाठवली नाही.