उद्याचा माल गोदामातच होता

पेढी बसण्याची कारणे व्यापारी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. उधारी आवाक्याबाहेर गेली, भावाचा अंदाज चुकला, भागीदारांत फाटाफूट झाली, गिऱ्हाईक तुटले, अशी ही कारणे असतात. ती आधी वहीत उमटतात आणि मग बाजारात बोलली जातात. परंतु वहीत भरघोस नफा आहे, दारात गिऱ्हाइकांची रांग आहे, बाजारात पत आहे आणि तरीही पेढीचे दिवस भरत आलेले आहेत, ही अवस्था ओळखणे फार अवघड असते. मोबाइल आणि इंटरनेटच्या व्यवसायात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती वारंवार दिसली. त्यातही विशेष असे, की ज्या नव्या वस्तूने या बलाढ्य कंपन्यांना हरवले, ती वस्तू किंवा तिचा आराखडा बहुतेक वेळा त्यांच्याच घरात तयार होता.

फिनलंडमधील नोकिया ही कंपनी १८६५ साली सुरू झाली ती कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून. पुढे तिच्याशी रबराचा आणि तारांचा व्यवसाय जोडला गेला; एके काळी तिचे रबरी बूट फिनलंडच्या घराघरांत होते. १९९२ साली योर्मा ओलिला यांच्याकडे सूत्रे आली आणि कंपनीने कागद, रबर, तारा, दूरचित्रवाणी संच असे जुने व्यवसाय सोडून दूरसंचारावर सारे लक्ष एकवटण्याचे ठरवले. शतकाहून जुन्या पेढीने आपली ओळखच बदलण्याचा हा निर्णय होता, आणि तो फळला. १९९८ साली मोटोरोलाला मागे टाकून नोकिया मोबाइल विकणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी झाली.

भारतातील व्यापारी पेठांना नोकियाची ओळख करून देण्याची गरज नाही. २००३ साली आलेल्या ११०० या फोनला विजेरी होती आणि त्याची बटणे धूळ आत जाणार नाही अशी होती. वीज जाणारी गावे आणि धुळीचे रस्ते नजरेसमोर ठेवून तो घडवला होता. त्याचे २५ कोटींहून अधिक नग जगभर विकले गेले. २००६ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे कंपनीचा कारखाना उभा राहिला. २००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच मोबाइलपैकी जवळपास दोन नोकियाचे होते. गिऱ्हाइकाची गरज ओळखण्यात ही कंपनी कच्ची होती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला. त्याला बटणांचा फलक नव्हता. सारा कारभार पडद्यावर बोटाने चालत होता. हे नोकियाला सर्वस्वी नवे होते काय? तसे नव्हते. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचा फोन नोकियाने २००४ सालीच जाहीर केला होता आणि इंटरनेट वापरण्यासाठी हातात धरता येणारा टॅबलेट २००५ साली बाजारात आणला होता. माणसे हुशार होती, संशोधनावरचा खर्च मोठा होता आणि आराखडे तयार होते. कमी होती ती एकाच गोष्टीची: तो माल गोदामातून काढून गादीसमोर मांडण्याची. कारण गादीसमोर जे मांडलेले होते, ते धडाक्याने खपत होते. बटणांच्या फोनसाठी उभारलेले कारखाने, त्यासाठी घडवलेली सिम्बियन ही कार्यप्रणाली आणि देशोदेशींच्या वितरकांची साखळी ही सारी त्या खपावर उभी होती. नवा माल पुढे आणणे म्हणजे आपल्याच खपावर आपण पाणी सोडणे होते.

ॲपलपुढेही नेमका हाच पेच होता, हे सहसा सांगितले जात नाही. २००१ साली आलेल्या आयपॉड या संगीतयंत्राने ॲपलला सुगीचे दिवस दाखवले होते. २००६ च्या आर्थिक वर्षात तिच्या एकूण विक्रीपैकी सुमारे ४० टक्के रक्कम एकट्या आयपॉडची होती. फोनमध्येच गाणी वाजू लागल्यावर वेगळे यंत्र कोण घेणार, हे कळायला मोठी विद्वत्ता लागत नव्हती. तरीही कंपनीने आयपॉड आपल्याच फोनच्या पोटात घातला. विक्रीचे दहातील चार रुपये देणारी वस्तू स्वतःच्या हाताने जुनी ठरवायची, हा निर्णय कोणत्याही मुनिमाने आनंदाने लिहून घेतला नसता. वहीतल्या आकड्यांवरून पाहता नोकियाचा हिशेब चुकीचा नव्हता. पण तो चालू वर्षाचा हिशेब होता, आणि ॲपलने मांडलेला हिशेब पुढच्या दहा वर्षांचा होता.

कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीची कथा याहून बोलकी आहे. तिच्या ब्लॅकबेरी फोनवर बारीक बटणांनी ईमेल लिहिणे ही एके काळी मोठ्या अधिकाऱ्यांची खूण होती. २००५ साली तिने ब्लॅकबेरी मेसेंजर आणला. एका ब्लॅकबेरीवरून दुसऱ्या ब्लॅकबेरीवर झटपट निरोप जाई आणि तो वाचला गेल्याचेही कळे. दर निरोपाला पैसे मोजण्याच्या त्या काळात हे अपूर्व होते. पण ही सोय फक्त ब्लॅकबेरीवाल्यांनाच होती. निरोपाची सोय हवी असेल तर आमचाच फोन घ्या, असा तो व्यवहार होता. ती सर्व फोनांना खुली केली असती, तर फोन विकण्याचे एक मोठे कारण हातचे गेले असते.

ती मोकळी जागा व्हॉट्सॲपने घेतली. याहू सोडलेल्या यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ साली उभारलेली ही छोटी कंपनी फोन विकत नव्हती. त्यामुळे कोणाचा फोन आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. ॲपल, अँड्रॉइड, नोकियाचे साधे फोन आणि खुद्द ब्लॅकबेरी या सर्वांवर व्हॉट्सॲप चालू लागले. त्याच २००९ साली ॲक्टन यांना फेसबुकने नोकरी नाकारली होती. २०१४ साली त्याच फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. तेव्हा व्हॉट्सॲपचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते आणि कर्मचारी अवघे ५५. ब्लॅकबेरीने आपल्या मेसेंजरचे दार इतरांसाठी उघडले ते २०१३ च्या ऑक्टोबरात. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर स्थिरावले होते. २०१९ च्या मे अखेरीस सर्वसामान्यांसाठीची ती सेवा बंद झाली.

मायक्रोसॉफ्टची अडचण वेगळ्या प्रकारची होती. ती फोन बनवणाऱ्यांना आपली कार्यप्रणाली विकत असे आणि दर फोनामागे परवान्याचे पैसे घेत असे. गूगलने २००५ साली अँड्रॉइड ही लहानशी कंपनी विकत घेतली आणि पुढे तिची प्रणाली फोन बनवणाऱ्यांना विनामूल्य देऊ केली. एका व्यापाऱ्याचा विक्रीचा माल दुसरा फुकट वाटू लागला, तर पहिल्याने करायचे काय? गूगलचे खरे दुकान जाहिरातींचे होते. जितके अधिक लोक इंटरनेटवर येतील तितकी तिथली विक्री वाढणार होती. अँड्रॉइड ही त्या दुकानाकडे येणारी वाट होती, आणि वाटेवर कोणी जकात बसवत नाही. येथेही एक त्याग होता. आयफोन दिसण्यापूर्वी गूगलची मंडळी बटणांच्या फलकाचा फोन पुढे आणण्याच्या तयारीत होती. जानेवारी २००७ नंतर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि स्पर्शपडद्याचा विचार करून नव्याने मांडणी केली. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली आला. केलेल्या कामाचा मोह त्यांनी आवरला.

नोकियाने २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली. त्या सुमारास तिचे नवे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात कंपनीची तुलना समुद्रातील तेलविहिरीच्या पेटलेल्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाशी केली होती. २०१४ साली फोनचा सारा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यापोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. नोकिया हे नाव मात्र टिकले. दूरसंचाराची यंत्रणा पुरवणारी कंपनी म्हणून ती आजही उभी आहे. कागद आणि रबराप्रमाणे फोनही तिने मागे टाकला. नाव आणि भांडवल यांना असे कूस बदलणे साधते. फिनलंडमधील सालो या गावाला ते इतके सहज साधले नाही. तिथला कारखाना २०१२ साली बंद झाला. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना कराच्या वादामुळे मायक्रोसॉफ्टला झालेल्या विक्रीतून वगळावा लागला आणि २०१४ साली त्याचेही दार लागले. तिथे काम करणाऱ्या हजारो तरुण-तरुणींनी कोणता माल गादीसमोर मांडायचा हे ठरवले नव्हते. पण त्या निर्णयाची किंमत त्यांच्या घरांनी मोजली.

जिंकलेल्यांची परीक्षा तरी संपली आहे, असे नाही. आजची संवादी कृत्रिम बुद्धिमत्ता ज्या पायावर उभी आहे, ती ट्रान्सफॉर्मर नावाची रचना गूगलच्याच आठ संशोधकांनी २०१७ साली मांडली. तिच्यावर उभारलेले चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे ठेवले ते मात्र ओपनएआय या दुसऱ्या कंपनीने. गूगलचे उत्तर २०२३ साली आले. संकोचाची कारणे अनेक असतील. यंत्राने चुकीचे उत्तर दिले तर नाव खराब होईल, ही काळजीही रास्त होती. तरी शोधाच्या पानावरील जाहिरातींतून जिची मोठी आवक होते, तिला थेट उत्तर देणारे यंत्र दुकानात मांडणे जड जाणारच. त्याच सुमारास आपले शोधयंत्र आयफोनवर आधीपासून बसवलेले असावे म्हणून ती ॲपलला मोठी रक्कम देत होती. २०२२ या एका वर्षात ती २० अब्ज डॉलर होती, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या व्यवसायातील ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. गूगलला तो निर्णय मान्य नाही. भारतातही अँड्रॉइडच्या अटींबद्दल स्पर्धा आयोगाने २०२२ साली तिला १,३३७ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. ज्या कंपनीने एके काळी वाट मोकळी करून बाजी मारली, तीच आता वाटेवर पहारे बसवू लागली, असे न्यायालयांचे आणि आयोगाचे म्हणणे.

यावरून नवे ते सारे सोने, असा अर्थ काढणे घातक ठरेल. ॲपलने १९९३ साली आणलेले न्यूटन हे हातातले यंत्र १९९८ साली गुंडाळले गेले. गूगल प्लस ही सेवा २०११ साली सुरू झाली आणि २०१९ साली सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाली. नवेपणाच्या हौसेपायी मुद्दल घालवणारी घरेही प्रत्येक पेठेत असतात. म्हणून प्रश्न नवे स्वीकारावे की नाही, एवढा सोपा नाही. नवे नाकारताना कोणते कारण दिले जाते आणि खरे कारण कोणते असते, याची पारख महत्त्वाची आहे.

दुकान बंद करून गल्ला मोजला जात असताना पुतण्या भीत भीत विषय काढतो, “काका, निम्मे गिऱ्हाईक आता फोनवरच भाव विचारते. घरपोच माल द्यायची सोय केली तर?” काका म्हणतात, “अरे, आपल्या गिऱ्हाइकाला हे चालत नाही.” कदाचित काकांचेच खरे असेल; त्यांनी चाळीस वर्षे गिऱ्हाईक पाहिले आहे. पण कधी कधी त्या वाक्याचा खरा अर्थ असा असतो, की भाड्याने घेतलेली दोन गोदामे, नुकतीच सजवलेली शाखा आणि जुन्या किरकोळ दुकानदारांशी असलेला घरोबा यांना हे परवडणार नाही. ही अडचणही खरी आहे आणि तिच्यावर मोकळेपणाने बोलता येते. मात्र ती गिऱ्हाइकाच्या तोंडी घातली, की बोलणे तिथेच खुंटते. ब्लॅकबेरीच्या गिऱ्हाइकांना इतर फोनांवरील नातलगांशी बोलायचे नव्हते थोडेच? नको होते ते कंपनीला.

पुतण्याने तेवढ्यावर गप्प बसू नये आणि काकांनीही त्याला गप्प करू नये. कोणते गिऱ्हाईक, किती माल, किती महिने, हे विचारावे. एका गल्लीपुरते करून पाहावे आणि त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा. सहा महिन्यांनी ती वही दोघांनी मिळून उघडावी. तोटा दिसला तर तो एका गल्लीचा असेल. आणि नफा दिसला, तर त्या दोन गोदामांचे काय करायचे, हा प्रश्न घरातच, वेळ हातात असताना, सोडवता येईल.