सरलेल्या रात्रींची दप्तरदारी

नाट्यसंग्रहाच्या पालकाचे खाजगी कागद कोणते आणि संग्रहाचे कोणते, याचा निवाडा करणे दप्तरदारांना एरवी अवघड जात नसेल. परंतु जिने स्वतःच्या हौसेने व द्रव्याने नाटकांची 80,000 हून अधिक हस्तपत्रके जमविली, लंडनला नाट्यकलेचे राष्ट्रीय संग्रहालय हवे असा 1911 पासून धोशा लावला आणि अखेर 1924 साली तो अवघा ठेवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या स्वाधीन केला, त्या गॅब्रिएल एन्थोव्हेन यांच्या बाबतीत ही सरहद्द आखावी कोठे? ठेव्यामागोमाग बाईही तेथे रुजू झाल्या. पगार तर घेतला नाहीच, उलट मदतनिसांचे वेतन पदरचे दिले. (अशा माणसाला बडतर्फ करायचे तरी कोणत्या कलमान्वये!)

हस्तपत्रकाची जात मोठी अल्पायुषी. मुख्य नाटक कोणते, त्यानंतरचे प्रहसन कोणते, कोणा नटाच्या मदतीसाठी आज खेळ लावला आहे, दारे किती वाजता उघडणार आणि पिटाचा दर काय, एवढे सांगून झाले की त्याचे काम संपले. आणि तरीही, नाटकाची संहिता छापून अजरामर झाली असली तरी, अमक्या रात्री दासीच्या चार ओळींच्या भूमिकेत कोण उभी होती, याची साक्ष पुष्कळदा त्या एका कागदाखेरीज अन्यत्र कोठेही सापडत नाही.

पहिल्या महायुद्धात याच बाई युद्धकैद्यांच्या मध्यवर्ती समितीच्या नोंदखात्याच्या प्रमुख होत्या. कोण कोठल्या छावणीत आहे, याची नावनिशीवार खातरजमा करण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांनी पुढे विस्मृत नटनटींच्या नावांपुढे तितक्याच काटेकोरपणे नाट्यगृह व तारीख मांडावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. छंदिष्टाचा लोभ आणि कारकुनाची शिस्त क्वचितच एका देही नांदतात, आणि पहिल्याला दुसरीची जोड नसती तर त्या लाखमोलाच्या संग्रहाची रद्दीच झाली असती.

1948 साली नाट्यसंशोधनासाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश संस्थेचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दोन वर्षांनी त्या निवर्तल्या. त्यांनी स्वतः नाटकेही लिहिली होती. त्यांच्या चरित्रकाराने पत्रे आणि रोजनिशा जरूर धुंडाळाव्यात, पण मला विचाराल तर आधी त्यांच्या संग्रहाची सूची मागवावी आणि त्या नाटककर्तीचे नावही, इतर साऱ्यांप्रमाणेच, नाट्यगृह आणि तारीख या क्रमाने शोधावे.