दाढीनंतरच्या पुळ्या आणि वडिलांचा रेझर

“डॉक्टर, तुमच्याच गळ्यावर पुळ्या आहेत, मग मी कोणतं मलम लावू?” शिरूरच्या दवाखान्यात एका पेशंटने विचारलं आणि मी निरुत्तर झालो.

या पुळ्या म्हणजे मुरुम नव्हेत. तीन-चार पात्यांचा रेझर केस ओढून कातडीच्या आत कापतो. कुरळा, राठ केस मग वर येताना वळून कातडीतच घुसतो आणि सूज येते. एकच पातं असेल तर केस कातडीच्या पातळीवर कापला जातो.

म्हणून दौंडच्या घरून वडिलांचा जुना सेफ्टी रेझर आणला. पातं मात्र नवं घातलं. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेरही ७ दिवस टिकू शकतो, तेव्हा पातं बापलेकांतही एक नको.

पहिल्याच दिवशी हनुवटीवर दोनदा कापलं. चूक माझीच, सवयीने दाबला. या रेझरला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. पातं कातडीशी साधारण ३० अंशांत धरा. आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी भिजवा. केस कुठल्या दिशेने वाढतात ते बोटाने चाचपून बघा. माझे गळ्याच्या डावीकडे चक्क आडवे आहेत, हे मला चाळिशीत कळलं! त्याच दिशेने रेझर फिरवा, उलटी दाढी नको. कापलंच तर ओली तुरटी. चुरचुरते, पण रक्त थांबतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दीड महिन्यात पुळ्या बसल्या. तो पेशंट परत आला, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्याने माझा गळा पाहिला.