यदृच्छेचे बी

चिठ्ठ्या टाकण्यावर आपल्या लोकांचा मोठा विश्वास! भावाभावांच्या वाटण्या असोत की भिशीचा पहिला नंबर असो. लहानग्या पोराला चिठ्ठी उचलायला लावली, की मंडळी निमूट मान तुकवतात. मात्र दुसऱ्या दिवशी कोणाला शंका आली, तर तीच चिठ्ठी पुन्हा काढून दाखविण्याची सोय नसते.

आमच्या किनवटकडे कापूस-सोयाबीनचे पीक. उत्पादनाचा अंदाज पीक कापणी प्रयोगाने काढतात आणि विम्याची भरपाईही बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, चिठ्ठीसारख्याच निघालेल्या आकड्यांप्रमाणे, इतकी पावले लांबीला आणि इतकी रुंदीला मोजतात व तेथे चौकट आखतात. कोणाच्या मर्जीचा तुकडा निवडला जाऊ नये, हा हेतू. सातारा जिल्ह्यातील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी 1940 नंतरच्या दशकात ही पद्धत आपल्या देशात रुजविली. गंमत अशी, की ते आकडे कागदावर राहतात. शंका आली, तर कोणीही पावले मोजून त्याच जागी पोहोचावे!

माझा भाचा पुण्यात संगणकावर काम करतो. त्याच्याकडून कळले, की हीच चिंता शास्त्रज्ञांनाही असते. त्यांच्या 'नमपाय', 'सायकिट-लर्न' या आज्ञावलींच्या भांडारांत पदोपदी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. संगणक तेथे एका आकड्यापासून हिशेबाने पुढचे आकडे काढतो; पाहणाऱ्याला मात्र ते अगदी स्वैर वाटतात. त्या पहिल्या आकड्याला इंग्रजीत 'सीड' म्हणतात. सीड म्हणजे बी! मी मराठीचा मास्तर. हा शब्द ऐकून मला कोण आनंद झाला! पेरावे तसे उगवते, हे येथे अक्षरशः खरे. तेच बी द्या, तीच आकड्यांची रांग उगवेल.

पण जमीन बदलली तर? 2019 साली 'नमपाय'ने आकडे काढण्याची नवी रीत आणली. जुन्या निष्कर्षांचा पडताळा घेता यावा म्हणून जुनी रीतही तशीच राखली. म्हणूनच बियाबरोबर भांडाराची आवृत्तीही लिहून ठेवावी लागते. भांडाराच्या माहितीपुस्तिकेत यदृच्छा कोठे शिरते आणि तिला कसे बांधावे, हे सविस्तर सांगितलेले असते. अशा रुक्ष पुस्तिका लिहिणाऱ्यांविषयी मला आदर वाटू लागला आहे.

लबाडीला मात्र येथेही वाव आहे. मनासारखे उत्तर येईपर्यंत बी बदलत राहायचे आणि शेवटचे तेवढे जाहीर करायचे! आपल्या माणसाचे नाव निघेपर्यंत चिठ्ठ्या टाकण्याचाच हा प्रकार. चांगला अभ्यासक अनेक बिया पेरून पाहतो आणि साऱ्यांचे उत्तर सांगतो. एकाच बियावर तरारलेल्या निष्कर्षावर तो विसंबत नाही.

दैवापुढे इलाज नाही, असे आपण म्हणतो. असेलही. पण दैवाच्या नावाने जेव्हा माणूस निवड करतो, तेव्हा आकडा कोणता आणि तो कसा काढला, हे विचारण्याचा हक्क ज्याचे पीक त्या चौकटीत उभे असते, त्याला असलाच पाहिजे.