काचेवरची नावे

लग्नाच्या निमंत्रणपत्रिका धर्मगुरूच्या टेबलावर जितक्या जमतात, तितक्या क्वचितच दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जमत असतील. नाताळ आटोपला की आमच्या वसईत लग्नसराई सुरू होते आणि उपवासकाळ लागेपर्यंत शनिवार-रविवार कसे जातात ते कळत नाही. प्रत्येक जोडप्याला काहीतरी द्यावे असे मनापासून वाटते. पण काय द्यावे? रोझरी द्यावी तर घरात प्रत्येकाची निराळी रोझरी असते. एकदा एका घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो असता एकाच खोलीत चार क्रूस मोजले. त्यांतले दोन मीच दिलेले होते!

सुमारे दहा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर मला सॅक्रिस्टीतील कपाटाखाली सापडले. मिस्साच्या द्राक्षारसाच्या रिकाम्या हिरव्या बाटल्या तिथे रांगेने उभ्या होत्या. सॅक्रिस्टीची देखभाल करणारे आमचे काका जुन्या वळणाचे. वेदीच्या कामी आलेली वस्तू भंगारवाल्याला द्यायला त्यांचा जीव धजावत नसे. त्याच सुमारास दुकानांच्या पाट्यांची स्टिकरे कापून देणारा धर्मग्रामातील एक तरुण काचेवर अक्षरे उमटवण्याची कला शिकून आला होता. बाटल्या माझ्या, विद्या त्याची. महिन्याभरात मी त्याचा शिष्य झालो.

कृती ऐकायला सोपी आहे. बाटली गरम पाण्यात भिजवून तिचा कागद सोडवायचा, डिंकाचा चिकटा घालवायचा आणि स्पिरिटने काच पुसून घ्यायची. बोटाचा ठसा राहिला तरी काम बिघडते. मग नावे कापलेले स्टिकर चिकटवायचे, अक्षरांचा भाग उचलून काढायचा आणि भोवतालच्या कडा नखाने दाबून बसवायच्या. उघड्या राहिलेल्या काचेवर एचिंग क्रीमचा जाड थर द्यायचा. काही मिनिटांनी धुऊन स्टिकर सोलले की वर-वधूची नावे दुधाळ अक्षरांत उमटलेली दिसतात. आपली देवनागरी या कामी मोठी गुणाची आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध उचलला जातो. अडचण होते ती ‘व’, ‘ब’, ‘क’ अशा पोटाच्या अक्षरांची. त्यांच्या पोटातला तो इवलासा तुकडा मात्र काचेवरच राहायला हवा. शब्द उचलताना तो हटकून बरोबर येतो आणि चिमट्याने पुन्हा जागेवर बसवावा लागतो. माझ्या वयाच्या डोळ्यांना हे काम चष्म्यावर चष्मा चढवल्याशिवाय होत नाही.

आपण याला ‘कोरणे’ म्हणतो. पण खरे पाहता येथे कोणी कोरत नाही, फ्लोराइडचे क्षार काच खातात. कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1771 मध्ये फ्लोरस्पार नावाचा दगड गंधकाम्लाबरोबर तापवला, तेव्हा त्यातून निघालेल्या आम्लाने त्याचे काचपात्रच कुरतडले. त्याच आम्लाच्या कुळातले हे क्रीम. कातडीवर पडले तर कधीकधी लगेच झोंबतही नाही, पण आत खोलवर जाते. म्हणून हातमोजे आणि चष्मा हवा, खिडक्या उघड्या हव्यात आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. पहिल्याच बाटलीच्या वेळी मी ती आमच्या स्वयंपाकघरातील पांढऱ्या बेसिनमध्ये धुतली. काचेला खाणारे चिनीमातीच्या झिलईलाही सोडत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. तो निस्तेज डाग आजही तिथे आहे आणि स्वयंपाकीणबाई नव्या येणाऱ्या प्रत्येक सहायक धर्मगुरूला तो न चुकता दाखवतात.

असो. बाटल्यांचे कौतुक होऊ लागले. कौतुकाने धर्मगुरूही फुगतो. विवाहाच्या मिस्सामध्ये प्रवचनाच्या अखेरीस मी ती बाटली हातात घेऊन उंच धरू लागलो आणि म्हणू लागलो, “ही अक्षरे शाईची नाहीत. धुऊन जाणार नाहीत, घासून पुसली जाणार नाहीत. तुमची नावेही अशीच एकत्र राहोत.” वाक्य लोकांना आवडे. मलाही आवडे. किती विवाहांत ते मी उच्चारले असेल, याची गणती नाही.

2018 सालच्या अशाच एका विवाहात बाटली घेतलेली मुलगी दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कार्यालयात आली. तिचा नवरा 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेला होता. त्याच्या अंत्यविधीला मोजकीच माणसे होती, त्यांत मी होतो. ती आता दुसरा विवाह करणार होती. कागदपत्रे पाहून झाली तरी ती उठेना. मग तिने पिशवीतून ओढणीत गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली.

“फादर, टाकवत नाही आणि तिकडे नेववतही नाही. ही नावं पुसता येतील का?”

मी गप्प राहिलो. तीच म्हणाली, “नाही ना? तुम्हीच म्हणाला होतात त्या दिवशी.”

बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी घाईघाईने तिला सांगू लागलो, की मृत्यूने विवाहाचे बंधन संपते, संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विधवेला पुन्हा विवाहाची मोकळीक दिली आहे, तेव्हा मनात अपराध ठेवू नये. तिने सारे ऐकून घेतले. “ते ठाऊक आहे, फादर,” ती म्हणाली. तिने विचारले होते बाटलीबद्दल आणि मी उत्तर देत होतो सेमिनरीतल्या परीक्षेचे.

तसे पाहिले तर नावांवर पुन्हा क्रीम लावून सारा भागच धुरकट करता आला असता. पण मी जुन्या बाटलीवर ते करून पाहिले आहे. पहिली अक्षरे त्या धुरकटातूनही डोकावतात. मी एवढेच म्हटले, “राहू दे माझ्याकडे.”

बाटली कपाटात ठेवली, आणि मला रोमच्या वास्तव्यात व्हॅटिकनच्या संग्रहालयात पाहिलेल्या काचा आठवल्या. चौथ्या शतकातील रोमी ख्रिस्ती लोकांच्या काचपात्रांचे ते तळ. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख, वर्खावर कोरलेली चित्रे. काहींवर पती-पत्नी शेजारी शेजारी, त्यांच्या मधोमध लहानसा ख्रिस्त दोघांच्या डोक्यांवर मुकुट ठेवत आहे. त्यांतली काही लग्नाच्या भेटी असाव्यात असे अभ्यासक मानतात. सापडल्या त्या मात्र भुयारी दफनभूमीत, थडग्यांवरील ओल्या चुन्यात दाबून बसवलेल्या. पात्रांच्या कडा गेलेल्या, फक्त चित्राचा तळ उरलेला. तेव्हा आमच्या मार्गदर्शकाने पुढे चलण्याची घाई केली होती आणि मीही फारसा थांबलो नव्हतो. आता वाटले, ती काच थडग्यात बसवणारे हात कोणाचे असतील? मागे राहिलेल्या त्या व्यक्तीने नंतर काय केले असेल?

तीन आठवड्यांनी, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर त्या मुलीची सासू माझ्यापाशी आली. सुनेने पुन्हा विवाह करावा म्हणून भावकीशी भांडलेली ही बाई.

“फादर, ती बाटली तुमच्याकडं दिलीय ना तिनं? मला द्याल?”

“मावशी, त्यावर दोघांचीही नावे आहेत,” मी म्हटले.

“मग? पोरगा माझा, आणि ती काय परकी हाय?”

मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि मुलीला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. “आईंनी माझ्याकडे का नाही मागितली?” तिने विचारले. मग स्वतःच म्हणाली, “द्या, फादर.”

मावशी आल्या तेव्हा बाटलीवर धूळ बसली होती, म्हणून मी ती नळाखाली धरली आणि तशीच ओली त्यांच्या हाती दिली. ओल्या काचेवर ही अक्षरे दिसेनाशी होतात. पाणी त्या बारीक खाचांत भरते आणि उजेड सरळ पार निघून जातो. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. त्यांनी बाटली फिरवून पाहिली आणि घाबरून माझ्याकडे पाहिले. “पुसलंत?”

“नाही, नाही. वाळू द्या.”

त्यांनी पदराने बाटली पुसली, खिडकीपाशी धरली. आधी सुनेचे नाव आले, मग मुलाचे. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना दारात थांबून एवढेच विचारले, “यात खोबरेल ठेवलं तर चालंल ना?” मी म्हटले, चालेल.

विवाहाच्या आठ दिवस आधी ती मुलगी आपल्या भावी नवऱ्याला घेऊन वाचनांची निवड करण्यासाठी आली. या वेळी मी चांदीचे एक लहान पदक आणून ठेवले होते. निघताना ती म्हणाली, “फादर, आम्हाला बाटली नाही का?” मी तिच्या तोंडाकडे पाहातच राहिलो. “सगळ्यांना देता,” ती म्हणाली. नवरामुलगा हसला.

ती बाटली मी विवाहाच्या आदल्या रात्री केली. हात घाईत होता, दिवा अंधुक होता. धुऊन पाहतो तो त्याच्या नावातल्या ‘व’च्या पोटातला तुकडा निसटलेला, आणि ‘व’ सबंध पांढरा भरून गेलेला. दुसरी बाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रवचनात मी ते वाक्य म्हटले नाही. बाटली उंचही धरली नाही. पहिल्या बाकावर डावीकडे मावशी बसल्या होत्या. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत सह्या झाल्यावर बाटली दिली आणि त्या ‘व’बद्दल क्षमा मागितली.

त्याने ती उजेडात धरून वाचली. “कळतंय की, फादर,” तो म्हणाला आणि बाटली तिच्याकडे देऊन फोटोसाठी बाहेर गेला.